परक्या नावाचा ओ

१ मार्च

आले एकदाची. दिवा स्टेशनच्या पुढे, खाडीकाठच्या गावात, अगदी टोकाची खोली मिळाली आहे. नळाला पाणी दिवसाआड, पण खिडकीतून खाडी दिसते आणि दाराशी पांगारा लालभडक फुलला आहे. सकाळी पायरीवर बसून चहा घेतला. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यापासून इतकं ताजंतवानं वाटलं नव्हतं.

नोकरी सोपी आहे. प्रभाकर नावाचा गृहस्थ ठाण्या-डोंबिवलीच्या लोकांना शिडाच्या होडीतून खाडीतल्या बेटांवर नेतो. पायी भटकंती, तिवरांतले पक्षी, भाकरी-पिठलं, की परत. एकदा ग्रीसला जाऊन आल्यापासून त्याच्या अंगात ग्रीस शिरलं आहे. मोठ्या बेटावरचं ओसाड घर त्याने चुन्याने पांढरं करून दारं-खिडक्या निळ्या रंगवल्या. जाहिरातीत लिहितो, ‘ग्रीसला कशाला, दिव्याला या!’ होडीचा तांडेल परशुराम म्हणाला, शेठनी बगळेपण निळे केले असते, पण ते बसून राहत नाहीत. मी बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसले.

माझं काम हजेरीचं. जाताना धक्क्यावर आणि परतताना होडीत एकेकाचं नाव पुकारायचं, ज्याचं त्याने ओ द्यायचा.

गेल्या वसंतात माझ्या धाकट्या बहिणीने, दर्शनाने, याच धक्क्यावर ओ दिला होता. ती बेटावरून परत आली नाही. मी तिच्यासाठी आले आहे. प्रभाकरला हे ठाऊक नाही; आमची आडनावं वेगळी आहेत.

४ मार्च

नीट लिहून ठेवते, म्हणजे मन डगमगणार नाही.

त्या दिवशी दर्शना फोटो काढत मागे राहिली. ओहोटी लागली होती. पाणी उतरलं की बेटाभोवती मैलभर नुसता चिखल उरतो आणि होडी रुतून बसते, म्हणून प्रभाकरला घाई होती. त्याने भराभर नावं घेतली. ‘दर्शना’ म्हटल्यावर ओ आला. होडी सुटली. दर्शना चिखलातून चालत निघाली असावी. तिसऱ्या दिवशी ती तिवरांत सापडली. पोलिसांना त्याने सांगितलं, बाईंनी ओ दिला, मग स्वतःच उतरल्या असतील.

त्या सहलीतली संचिता नावाची मुलगी भेटायला आली होती. तिच्या मोबाइलमध्ये होडी सुटतानाचं चित्रण होतं. मी ते ऐकलं. आयुष्य कानाला हेडफोन लावून काढलं आहे; आवाजात मला कोणी फसवू शकत नाही. तो ओ प्रभाकरचा होता. बारीक, बायकी काढलेला. वर पुटपुटला होता, असतील हो मागे, कॉलेजात काय कमी प्रॉक्सी मारल्यात! चार जण हसले होते.

लहानपणी कळव्याच्या चाळीत आईने दर्शनाला हाक मारली आणि मीच गंमत म्हणून ओ दिला, तेव्हा आईने फाडकन मुस्काटात मारली होती. म्हणाली, दुसऱ्याच्या नावाला ओ देऊ नये, त्याचं भोगणं आपल्या अंगावर येतं.

प्रभाकरच्या अंगावर अजून काही आलेलं नाही. मी आणणार आहे.

७ मार्च

पहिली फेरी. काटेसावरीखाली फुलांचा सडा, दूर उथळ पाण्यात रोहित पक्षी. डोंबिवलीच्या भिशीच्या बायका पांढऱ्या घरापुढे ओढण्या उडवत फोटो काढत होत्या. एकीने विचारलं, मॅडम तुम्ही कधी हसता? मी म्हटलं, सुट्टीच्या दिवशी.

परतताना हजेरी घेतली. शेवटच्या नावाचा ओ आला. वही मिटली.

आणि बेटावरून आणखी एक ओ आला.

लांबलेला, शेवटी वर चढणारा. आई खिडकीतून हाक मारायची तेव्हा जिन्याखालून दर्शना असाच ओ द्यायची.

बायका म्हणाल्या, प्रतिध्वनी. मला भीती वाटली नाही. मनात म्हटलं, थांब, बाई. त्याला घेऊन येते.

११ मार्च

पुन्हा तसंच. आज प्रभाकरनेही ऐकलं. त्याचा चेहरा त्याच्या घरासारखा पांढरा पडला. मग माझ्यावरच खेकसला, मॅडम, शाळा नाहीये ही, पटापट घ्या नावं.

होडीत गर्दी होती, तरी मधल्या फळीवर कोणी बसलं नाही. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. उतरल्यावर मी हात फिरवून पाहिला. फळी ओली होती आणि बोटांना चिखल लागला.

मला बरं वाटलं. आम्ही दोघी आहोत.

१४ मार्च

सगळं ठरलं. अठराला अमावास्या आहे. उधाणाची भरती, तशीच खोल ओहोटी. पाडव्यासाठी त्याने बेटावरच्या घराला नवा रंग दिला आहे, त्या घरावर त्याचा जीव आहे. होडी सुटताना म्हणायचं, घर उघडंच राहिलं. तो पळत जाईल.

हजेरी तर मीच घेते.

१६ मार्च

दुपारी भांडी घासताना सहज पुटपुटले, दर्शना, दोनच दिवस.

ओ पिंपातून आला. माझ्या पाण्याच्या पिंपातून.

झाकण काढलं. काल नळाचं पाणी भरलं होतं. चाखलं तर खारट.

संध्याकाळपर्यंत तीनदा आला, मी हाक न मारताच. घाईचा, रडवेला. लवकर कर म्हणते आहे. दुसरं काय म्हणणार?

१८ मार्च

केलं.

प्रभाकरने फोटो काढायला मोबाइल माझ्या हाती दिला होता, आपणहून. पाणी उतरू लागलं. मी म्हटलं, घराची कडी राहिली वाटतं. तो शिव्या घालत पळाला.

परशुरामने शिडामागून विचारलं, सगळी आली का. मी नावं घेतली. सगळ्यांत शेवटी म्हटलं, प्रभाकर. आणि मान खाली घालून, जाड आवाज काढून, मीच ओ दिला.

होडी सुटली.

तो दारातून बाहेर आला. हात हलवत होता. सहलीतल्या एका मुलाने उलट हात हलवला, लांबून त्याला वाटलं तिथला रखवालदार आहे. मोबाइल मी पाण्यात सोडला.

दर्शनाच्या ओची वाट पाहिली. आज आला नाही.

१९ मार्च

पाडवा. गावात दारोदार गुढ्या. त्याच्या घरचे लोक धक्क्यावर येऊन रडत आहेत. होड्या सकाळीच बेटावर जाऊन आल्या. घर उघडं, माणूस नाही. चिखलात पावलं आहेत, थोडी पुढे जाऊन संपतात.

मी सांगितलं, त्यांचा ओ ऐकला, मग ते उतरले असतील. त्याचंच वाक्य त्याला परत केलं.

परशुरामने मला बाजूला घेतलं. म्हणाला, बाय, तो ओ माज्या कानामागं झाला. तिथं तुमीच बसलेल्या.

शेजारणीने पुरणपोळी आणली. दाराबाहेरून हाक मारली, विनिताताई. मी उठायच्या आत खोलीतूनच कोणीतरी ओ दिला.

बायकी. बारीक काढलेला.

असा ओ मी एकदाच ऐकला आहे. संचिताच्या मोबाइलवर.

पिंप रिकामं केलं. पालथं घातलं. तरी त्यातून—

२० मार्च

पोलिसांनी जागा दाखवायला मला बेटावर आणलं. नाही म्हणता आलं नाही. दोन होड्या, सगळी माणसं गडबडीत. मला म्हणाले, तुम्ही घरापाशी थांबा. पिशवी, मोबाइल होडीतच. ही डायरी तेवढी खिशात.

ते निघताना परशुरामचा आवाज ऐकला. नाव घेत होता. विनिताबाय.

मी तोंड उघडलं.

होडीतून ओ आला. माझ्याच आवाजात.

धावले. ओरडले. घशातून जाडाभरडा, पुरुषी आवाज निघाला. होडीतल्या एकाने मागे वळून पाहिलं. हात हलवला. गेला.

दिवस मावळतो आहे. पाणी गेलं, समोर नुसता चिखल. इथेच बसायचं. सकाळी कोणी येईल. रात्री भरती पायऱ्यांपर्यंत येते, आत येत नाही. चिखलात उतरायचं नाही, बस. एवढंच.

आई म्हणाली होती— त्याचं भोगणं—

पिंपातली ती मला अडवत होती. नको म्हणत होती. मी घाई कर असं ऐकलं. मी, जिला आवाजात कोणी—

चिखलातून हाक आली. ताई.

दर्शनाच आहे. लांबवलेली, शेवटी वर चढणारी. चल म्हणते आहे. वाट दाखवते म्हणते आहे.

की तो आहे, बारीक आवाज काढून—

पुन्हा. ताई.

ओळखता येत नाही. देवा, पहिल्यांदाच मला ओळखता—

आता नावाने. विनू. हे नाव फक्त तिला— ओ द्यायचा नाही. ओठ दाबून धरले आहेत. तरी आतून, माझ्या आतून कोणीतरी