यंत्रावरचं हिरवं पाकीट

सिन्चू, शनिवार

तीर्थरूप आत्यास,
यिन-हुंगचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? दुकानाच्या माळ्यावर स्वतः चढत नाहीस ना? (चढतेस, ठाऊक आहे मला.) मी ठणठणीत आहे, पण गेला आठवडाभर जीव नुसता टांगणीला लागला होता.

तू दर सणाला विचारतेस, मी नेमकं करतो काय. ऐक. सिलिकॉनच्या चिपमधून प्रकाश सुरेख पळतो, पण तिला स्वतःला तो निर्माण करता येत नाही. म्हणून तिळाहून बारीक लेसर वेगळा बनवून तिच्यावर चिकटवायचा, तोही केसभर न हलता (केस म्हणजे आमच्याकडे हमरस्ता). शुक्रवारी जपानी गिऱ्हाईक बघायला येणार होतं. उजेड पडला नाही तर विभाग बंद आणि आम्ही सगळे घरी! त्यात नवे ल्याव साहेब परदेशातून शिकून आलेले. इथल्या सगळ्या यंत्रांसारखं आमच्याही यंत्रावर नारळाच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट होतं (हिरवंच लागतं, म्हणजे यंत्र शहाण्यासारखं वागतं, फोडायचं मात्र नाही). साहेब म्हणाले, "आपण शास्त्रज्ञ की भगत?" आणि आमच्या डोळ्यांदेखत फोडून खाल्लं की गं! यंत्र चालवणाऱ्या को-ताई गप्प बसतात थोड्याच? "खा साहेब, पोटभर खा. आता लेसरही तुम्हीच चिकटवा!"

झालं. तेव्हापासून एकही लेसर जागेवर बसेना. साहेब घामाघूम, को-ताई साहेबांशी बोलेनात. मी मात्र डोकं शांत ठेवलं. बघतो तर यंत्राचं झाकण थरथरतंय! पाकीट झाकणाच्या फटीत दाबून बसवलेलं होतं, म्हणून इतके दिवस ते हलत नव्हतं. मी तिथे रबराचा तुकडा बसवला. शुक्रवारी पाहुण्यांसमोर चिपमधून असा लख्ख प्रकाश आला, की मला रडूच फुटलं. विभाग वाचला. साहेब पाठ थोपटत म्हणाले, "याला म्हणतात शास्त्र!"

तुझा लाडका भाचा,
यिन-हुंग

ता. क. बाबांना पत्र इथपर्यंतच वाचून दाखव.

ता. क. रबर लावूनही शुक्रवारी सकाळपर्यंत अंधारच होता. शेवटी को-ताईंनी आणि मी गुपचूप वर नवं पाकीट ठेवलं. तेव्हा दुकानातून खोकंभर हिरवी पाकिटं पाठव, मुदत लांबची बघून. अर्धी ल्याव साहेबांना हवी आहेत. खोक्यावर त्यांचं नाव मात्र घालू नकोस, असं त्यांनीच बजावलंय.