पाठीवर हात ठेवून घेतलेला चेक

राणीसावरगाव, रविवार

किशनराव भाऊजी यांना मनकर्णा वहिनीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तुमचा गुडघा कसा आहे आणि साखर किती आली ते कळवा. (किती खाल्ली ते नको, ते जाऊबाई कळवतात.) फोन हाताशी असताना तुम्ही रजिस्टर पत्र पाठवलंत, त्यावरूनच राग समजला. म्हणून मीही लिहूनच उत्तर देते.

तुमचं म्हणणं मला कळलं ते असं. जनावरांचा व्यापारी महारुद्र, त्यानं तुम्हाला बैल विकला. जू ठेवलं की खाली बसणारा, अगदी बशा. तुम्ही पुढच्या तारखेचा बेचाळीस हजारांचा चेक दिलात आणि बैल बसल्यावर बँकेला सांगून तो थांबवलात. तोवर महारुद्रानं तोच चेक देऊन माझ्या शेजारच्या बायनाबाईची म्हैस नेली होती. आता ती पैसे मागते, तर तुम्ही म्हणता, ज्यानं फसवलं त्याच्याकडं जा. आणि वर असं की बायनाबाईला सगळं ठाऊकच होतं. चेक वाचून दिला वहिनीनं, आणि वहिनीला तुम्ही त्याच सकाळी फोनवर बैलाची खोड सांगितली होती.

भाऊजी, बायनाबाईला अक्षर येत नाही. पण तिनं तो चेक कसा घेतला ते मी माझ्या ओसरीवर पाहिलंय, आणि शिकलेल्या माणसानं साधा पंखाही इतक्या शहाणपणानं घेतलेला मी पाहिला नाही. आधी तिनं तो उन्हात धरला, कडा चाचपल्या. मग माझ्याकडून नाव, आकडा, अक्षरी रक्कम दोनदा वाचून घेतली. तारीख पुढची का, म्हणून विचारलं. (त्या तारखेला साहेबांची, म्हणजे तुमची, ठेव मोकळी होणार आहे, असं महारुद्र म्हणाला.) खाली तुमची सही पाहून मीच म्हणाले, हा आमच्या घरचा माणूस आहे, चेक चोख असणार. तरी तिचं समाधान झालं नाही. बाजारात विकणारा जनावराच्या पाठीवर हात ठेवून त्याची खोड सांगतो, त्या रिवाजाप्रमाणे ती म्हणाली, "महारुद्रा, पाठीवर हात ठेव आन् सांग. ह्याची खोड काय?"

महारुद्र हसला. चेकाला कुठं पाठ असती मावशी, म्हणाला. तिनं चेक उलटा केला. "ही काय पाठ. ठेव हात. आन् आता ठेवलाच हाय तर सही बी कर."

त्यानं केली. (त्या सहीनंच चेक तिचा झाला, हे मला नंतर कळलं.) खोड न्हाई, असंही म्हणाला. त्यावर या बाईनं कोणी न विचारता आपल्या म्हशीची खोड सांगितली, की डावीकडून धार काढायला बसलं तर लाथ मारती. चेकाच्या वर रोख द्यायचे ठरलेले हजार रुपये त्यानं तेवढ्यावर पाडले. मी तिला नंतर म्हटलं, गप्प बसायचं होतं. तर म्हणाली, मग मी त्याला कोणत्या तोंडानं विचारू?

चेक परत आल्यावर मी तिला घेऊन गंगाखेडला अंबिका वकीलबाईंकडं गेले. बाकावर तीन तास बसावं लागलं, तेव्हा त्यांनी मला मराठीतलं कायद्याचं पुस्तक वाचायला दिलं. (मला शाळा नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पुड्यांचे कागद वाचत अक्षर लागलं. तुमचे भाऊ गेल्यापासून मी हाती येईल ते वाचते. पुस्तक निदान मध्येच उठून जात नाही.) त्यात लिहिलंय ते माझ्या शब्दांत असं, की चेक एकानं फसवून घेतला असला, तरी पुढं ज्यानं त्याचं मोल दिलं, ज्याला खोट माहीत नव्हती आणि शंका यायला कारणही नव्हतं, त्याच्या हातात तो चेक निर्मळ. लिहून देणाऱ्यानं त्याचे पैसे द्यायचे आणि फसवणाऱ्याशी आपण भांडायचं. मात्र शंका येत असून मुद्दाम डोळे मिटणाऱ्याला कायदा भोळा म्हणत नाही. बायनाबाईनं डोळे कुठं मिटले? मिटले ते तुम्ही. तो 'साहेब' म्हणाला आणि तुम्ही जू न ठेवताच बैल घेतलात.

ती जर सगळं जाणून होती असं ठरलं, तर मात्र तिचं काही चालणार नाही, असं वकीलबाई म्हणाल्या. म्हणजे तुमचं सगळं बळ माझ्या त्या फोनवर.

जाऊबाईंना आशीर्वाद. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची वहिनी,
मनकर्णा

ता. क. त्या सकाळी ह्यांची तिथी होती. तुमचा फोन आला, मला वाटलं त्यासाठीच केला असणार. तुम्ही बैलापासून सुरुवात केलीत. थोडा वेळ वाट पाहिली, ह्यांचं नाव निघेना, तेव्हा फोन ज्वारीच्या डब्यावर ठेवला आणि नैवेद्याचं पान वाढायला गेले. परत आले तेव्हा तुम्ही "बरं, ठेवतो" म्हणत होता, मी "हो" म्हटलं. बावीस मिनिटं झाली होती, फोनवर दिसतं. बैलाची खोड त्या डब्याला कळली असेल, मला नाही. कोर्टात शपथेवर हेच सांगेन. ती तारीख कोणती होती, हे विचारलं तर तेही सांगावं लागेल.

ता. क. दुसरा. बायनाबाईच्या वैष्णवीची नर्सिंगची फी गुरुवारपर्यंत भरायची आहे, म्हैस त्यासाठीच विकली. बुधवारच्या एसटीनं पैसे घेऊन स्वतः या आणि एक दिवस राहा. भावाबद्दल बोलायचं राहिलंय ते बोलू. बैलाचं नको.