शोभासाठी योग्य टॅब

१२ ऑगस्ट, सोमवार
शोभाला अर्धांगवायूचा झटका येऊन महिना झाला. उजवा हात ढिला पडला आणि बोलणं गेलं. समजतं सगळं, पण शब्द बाहेर येत नाही. आज स्पीच थेरपीच्या मॅडम म्हणाल्या, एक टॅब घ्या, त्यात चित्रांचं ॲप टाकून देते. पाण्याच्या चित्राला बोट लावलं की टॅब 'पाणी' म्हणतो. लवकर घ्या म्हणाल्या, पहिले सहा महिने महत्त्वाचे. कोणता घ्यावा विचारलं तर म्हणे हलका असावा, आवाज मोठा असावा, बस.

हे काय स्पेसिफिकेशन झालं? सरकारी भांडारात तेहतीस वर्षं काढली. तीन कोटेशन आणि तुलनात्मक तक्ता झाल्याशिवाय साधा झाडू घेतला नाही. इथे तर बायकोच्या बोलण्याचा प्रश्न. पंधरा दिवसांत सर्वोत्तम टॅब घरात आणणार. संकल्प!

१४ ऑगस्ट
वर्ध्यातली तीन दुकानं केली. तिन्ही सेल्समन अडाणी. एकाला प्रोसेसर विचारला तर म्हणे, काका, रंग चांगला आहे. दुसऱ्याने न विचारता स्वस्तातला दाखवला. माझ्या शर्टाकडे पाहूनच दाखवला असणार. अपमान गिळून बाहेर आलो.

१९ ऑगस्ट. दुपार
रोज यूट्यूबवर रिव्ह्यू पाहतोय. डोळे चुरचुरतात. घरातलं कोणी त्याची दखल घेत नाही.

मुख्य प्रश्न स्टोरेजचा. शोभाला बोलायला किती जीबी लागतील? अडतीस वर्षांच्या संसारात ती फारशी बोललीच नाही, तेव्हा तिचं ६४ मध्ये आरामात भागेल. पण टॅब दिवसभर तिच्याजवळ थोडाच राहणार! माझं आत्मवृत्त कधीचं लिहायचं राहिलंय. क्रिकेट आहे, जुने सिनेमे आहेत. म्हणजे २५६. पेनही हवा. शोभाला उजव्या हाताने पेन धरता येत नाही हे खरं, पण उद्या आलं तर? दूरदृष्टी लागते.

२ सप्टेंबर, पोळा
आचलचा वडनेरहून फोन. विचारते, बाबा, तुम्ही टॅब घेऊन राह्यले की नुसते पाहून राह्यले? मुलीची जात, पण जीभ बापाची. मी म्हटलं, तक्ता पूर्ण व्हायचा आहे. तर म्हणे, आईले बोलाचं आहे बाबा, टेंडर नाई काढाचं.

खरेदीतलं हिला काय कळतं? जावई प्रफुल कृषी केंद्रात बियाण्याची थैली घेतो ती सुद्धा शेजाऱ्याला विचारून.

५ सप्टेंबर
शोभा दुपारभर खिडकीकडे डावा हात करत होती. ऊन लागत असेल म्हणून पडदा लावला. पुन्हा हात. दुसराही पडदा लावला. मग रडायला लागली. या आजारात पेशंट भावनाप्रधान होतो असं डॉक्टर बोललेच होते. माझ्यापुरतं म्हणाल तर मला टॅबची गरजच नाही. शोभाच्या मनातलं मला न सांगता कळतं. पण मॅडम म्हणतात म्हणून घ्यायचा.

१६ सप्टेंबर
निर्णय पक्का! अकरा इंच, पेन आणि कीबोर्डसह. उद्या अनंत चतुर्दशी, बाजारात गर्दी. परवा सकाळी पहिलं काम हेच.

१८ सप्टेंबर
पितृपक्ष लागला. आता नवी वस्तू घरात कशी आणणार? मॅडमना फोन करून सांगितलं. टॅबला कसला पितृपक्ष, म्हणाल्या. शहरात शिकलेल्यांना पितृपक्ष कळत नाही.

२३ सप्टेंबर
शेजारच्या मोतीलालने नातीसाठी टॅब घेतला. कापडाचा व्यापारी माणूस, धर्मकर्म पाळणारा! विचारलं तर म्हणे, भाऊ, ऑनलाइन मागवला, ऑनलाइनले पितृपक्ष नाई लागत. वर मलाच सल्ला दिला, तुम्ही आता दिवाळीलेच घ्या, भाव पडते. माणूस बेरकी आहे, पण बोलला खरं. दिवाळीपर्यंत थांबण्यात शहाणपण आहे.

२७ सप्टेंबर
आणखी एक चांगला निर्णय. टॅब येईपर्यंत थेरपी बंद. साधन नसताना शिकवायचं आणि साधन आल्यावर पुन्हा शिकवायचं, म्हणजे दुप्पट श्रम. शिवाय ऑटोत चढवताना माझी कंबर जाते. शोभाला समजावून सांगितलं. ती काही बोलली नाही.

(बोलू शकत नाही, हे लक्षात आहे. पण चेहऱ्यावरही काही दिसलं नाही.)

८ ऑक्टोबर
मॅडमचा फोन. थेरपी का सोडली म्हणून विचारत होत्या. तीन महिने होत आले, हे दिवस परत यायचे नाहीत म्हणाल्या. माझा तोल गेला. म्हटलं, मॅडम, घरात मी एकटा आहे. जिजाबाई दोन वेळचा स्वयंपाक आणि शोभाची आंघोळ करून जाते, बाकी सगळं मी पाहतो. पेशंटची विचारपूस सगळं गाव करतं, पेशंटच्या नवऱ्याला कोणी विचारतं का? त्या म्हणाल्या, तुम्ही कसे आहात? त्यांना खरंच विचारायचं नव्हतं, हे आवाजावरून कळलं. ठीक आहे म्हणून फोन ठेवला.

१२ ऑक्टोबर, दसरा
मुहूर्त होता. दुकानात गेलोही. पण आपलं मॉडेल संपलेलं, आणि नवीन मॉडेल महिनाअखेर येतंय असं कळलं. नवीन येत असताना जुनं घेणारा मूर्ख. सोनं वाटून घरी आलो.

शोभाने सकाळी 'आ' असा एक आवाज काढला. मी कोटेशनची जुळवाजुळव करत होतो, वळेपर्यंत थांबली.

२९ ऑक्टोबर, धनत्रयोदशी. रात्री
घेतला!!

अकरा इंच, २५६ जीबी, पेन, कीबोर्ड, चामड्याचं कव्हर. दुकानदाराने हात जोडले. म्हणाला, काका, तुमच्यासारखं गिऱ्हाईक पाहिलं नाई. अडीच महिन्यांच्या तपश्चर्येची कदर करणारा एक तरी भेटला. पूजेत टॅबला हळदकुंकू वाहिलं. शोभाच्या मांडीवर ठेवला तर घसरला. दीड-दोन दिवसांत सवय होईल.

३१ ऑक्टोबर
ॲप मी स्वतःच टाकलं, मॅडमची गरज पडली नाही. आवाज भरायचा असतो. सूचनेत लिहिलंय, पेशंट बाई असेल तर शक्यतो बाईचाच आवाज घ्यावा. आचलला बोलावलं असतं, पण दिवाळीचे दिवस. आणि माझ्याइतके स्वच्छ उच्चार घरात कोणाचे आहेत? गणेश मंडळाचं निवेदन वीस वर्षं केलंय. सगळी बटणं माझ्या आवाजात भरली. पाणी, औषध, संडास, देवपूजा, 'बरं वाटतंय', 'आता झोपते'. सुटसुटीत.

सुरक्षेसाठी टॅबला माझ्या अंगठ्याचं लॉक घातलं. एवढी महागाची वस्तू उघडी टाकून चालत नाही. शोभाला काही म्हणायचं असलं की मला खूण करायची, मी अंगठा लावून देतो.

४ नोव्हेंबर
शोभा टॅबला हात लावत नाही. एवढं करूनही! सकाळी मी बाजारात गेलो असताना तिला म्हणे पाणी हवं होतं. जिजाबाईने सांगितलं, बाई टॅबवर बोट मारून राह्यली होती, तो उघडेच ना. अंगठा माझ्याजवळ, त्याला मी काय करू? बाजारात सगळेच अंगठा घेऊन जातात.

टॅब पडून राहू नये म्हणून त्यावर आत्मवृत्त सुरू केलं. पहिलं प्रकरण उत्तम झालं. शोभाला वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकत होती.

९ नोव्हेंबर, शनिवार
आचल आणि प्रफुल आले. आल्या आल्या पोरीने तपासणी सुरू केली, ऑडिट पार्टी परवडली. टॅब उचलून म्हणे, नाकापेक्षा मोती जड, आई हा एका हातानं धरन तरी कसा? मग अंगठ्याचं कळलं. प्रफुल उठून अंगणात गेला. आचलने माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूट लॉक काढून दिलं.

मग विचारते, बाबा, याच्यात 'नाई' कुठं आहे? मी म्हटलं, कशाला? अडतीस वर्षांत तुझ्या आईला 'नाही' कधी लागलं नाही. आचल टॅब माझ्यासमोर धरून बसली. शेवटी भरला तो शब्द. शक्य तितक्या सौम्य स्वरात भरला.

त्यानंतर काय सांगावं! खिचडी देऊ? नाही. टीव्ही लावू? नाही. पडदा ओढू? नाही. आचलने विचारलं, आई, बाहेर बसतेस? तेव्हा शोभाने मान जोरात हलवली, हो. खुर्ची बाहेर काढली. तिथे दिवेलागणीपर्यंत बसली, येणाऱ्याजाणाऱ्यांकडे पाहत. त्या दिवशी खिडकीकडे हात करत होती ती याच्यासाठी. मग तसं स्पष्ट सांगायचं ना!

आज दिवसभर माझाच आवाज मला नाही म्हणत होता. डोकं दुखतंय.

१० नोव्हेंबर, रविवार
सकाळी आचलने विषय काढला. मी आईले वडनेरले नेतो, तिथून हिंगणघाटले थेरपी सुरू करतो, तुम्ही काही करून राह्यले नाई. मी म्हटलं, तुझ्या आईचा जीव या घरात आहे. बोरगाव मेघेतल्या या घराची भिंत न् भिंत तिच्यासमोर उभी राहिली. आचल म्हणे, तिलेच विचारू. मी म्हटलं, अवश्य! टॅब घेतलाच कशासाठी?

दोन नवी बटणं मीच केली, कोणी पक्षपाताचा आरोप करायला नको. एकावर आपलं घर, दारात मी उभा. दुसऱ्यावर आचलचं घर. पहिल्यावर मोठ्याने भरलं, 'मला माझ्याच घरी राहायचं आहे.' दुसऱ्यावर साध्या आवाजात, 'मला आचलकडे जायचं आहे.'

शोभाने दुसरं दाबलं.

बोट घसरलं, मी म्हटलं. हात थरथरतो तिचा. बटणांच्या जागा बदलल्या. तिने बोट उचलून पलीकडे नेलं आणि पुन्हा तेच दाबलं. टच स्क्रीनमध्ये दोष असू शकतो, नव्या मालात असतो. टॅब बंद करून चालू केला. मला आचलकडे जायचं आहे. एक एक अक्षर सुटं, उच्चार निर्दोष. प्रफुलने मान खाली घातली होती.

मी विचारलं, शोभा, मग मी काय करू? तिने सगळं पान वरून खालपर्यंत पाहिलं. पाणी, औषध, संडास, देवपूजा. बराच वेळ पाहत होती. मग टॅब बाजूला सारला.

तसं बटण मी केलंच नव्हतं. घाईघाईत राहिलं.

११ नोव्हेंबर
गेले. प्रफुलने तिला दोन्ही हातांनी उचलून गाडीत बसवलं. मी टॅब पुढे केला तर आचल म्हणे, राहू द्या बाबा, तुमच्या कामाचा आहे. चार दिवसांत शोभा कंटाळून परत येईल. जिजाबाईला सांगितलं, गादी काढू नको.

१३ नोव्हेंबर
आचलचा मेसेज. प्रफुल दुपारी हिंगणघाटला गेला आणि संध्याकाळी आठ इंची टॅब घेऊन आला. कोटेशन एक. तेही तोंडी! काय माल गळ्यात मारला असेल देव जाणे. त्यात आचलने आपला आवाज भरला, चित्रंही नवी टाकली. मी उत्तर दिलं नाही. कळेल अनुभवाने.

१९ नोव्हेंबर
आत्मवृत्ताचं दुसरं प्रकरण. दोन ओळी झाल्या. वाचून दाखवायला कोणी नसलं की लिहिणं पुढे सरकत नाही, हा नवा शोध.

२४ नोव्हेंबर, रविवार. सकाळ
आचलचा व्हिडिओ कॉल आला. टॅबवर घेतला. अकरा इंचावर चेहरा मोठा दिसतो, हे विरोधकांनीही कबूल करावं. शोभा पडवीत खुर्चीवर बसलेली, छोटा टॅब मांडीवर. चेहरा भरलाय. आचल सांगत होती, काल आईनं थेरपीत 'आचल' म्हटलं, आख्खं. मी म्हटलं, वा.

मग शोभाने माझ्याकडे सरळ पाहिलं आणि बटण दाबलं. आचलच्या आवाजात टॅब म्हणाला, 'चहा.'

मला भरून आलं. खोटं कशाला लिहू, डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या आजारात, एवढ्या लांबून, हिला माझ्या चहाची काळजी! मी मोठ्याने म्हटलं, झाला गं, झाला! (झाला नव्हता. रविवारी जिजाबाई येत नाही आणि साखरेचा डबा मला सापडत नाही.) तिने पुन्हा दाबलं. चहा. मी म्हटलं, अगं दोनदा झाला, माझी चिंता करू नको, तू तब्येत सांभाळ. तिने तिसऱ्यांदा दाबलं.

तेव्हा आचल म्हणाली, बाबा, तुम्हाले नाई विचारून राह्यली ती. मले मागून राह्यली. थांबा, देऊन येतो.

तिने फोन तसाच खाटेवर ठेवला. टॅबवर वडनेरच्या पडवीचे पत्रे दिसत होते. कपबशी वाजली. कोणीतरी हसलं, बहुतेक शोभाच. मी बराच वेळ पत्रे पाहत बसलो, मग टॅब बंद केला.