सोबत कोण?

१० नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा रक्त! या महिन्यात तिसऱ्यांदा. आज गेलेच दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, “मूळव्याध समजून किती दिवस काढलेत, बाई? हिमोग्लोबिन आठवर आलंय. दुर्बिणीने आतडं बघावं लागेल. शुक्रवारी या.” बरं म्हटलं. भीती वाटली, पण बरं म्हटलं.

खरी गंमत काउंटरवर. “सोबत कोण येणार?” कुणी नाही. “मग नाही होत. गुंगीचं इंजेक्शन देतात. नातेवाईक पाहिजेच.” पस्तीस वर्षं मराठी शिकवलं, अर्धं नांदेड मला बाई म्हणतं — आणि एका सहीला माणूस नाही!

११ नोव्हेंबर

सर्वेशला फोन केला. भाचा आहे, बेंगळुरूला. “आत्या, पुढच्या महिन्यात केलं तर?” त्याचंही बरोबरच आहे. फोन ठेवला आणि रडले. कोण बघतंय!

१२ नोव्हेंबर, बुधवार

शुक्रवारचा नंबर रद्द करायला गेले, तर काउंटरवर एका बाईचं भांडण चाललेलं. रत्नम्मा. देगलूरकडची. हीच तपासणी, उद्याच, आणि हीच अडचण. मालक वारला, लेकरू नाही. माझ्याशेजारी बाकावर येऊन बसली. “एकट्याच आलाव का?”

हो म्हटलं.

“मग उद्या माज्यासंगं तुम्ही, परवा तुमच्यासंगं मी. हाव का न्हाई?”

“हाव नव्हे. हो म्हणावं.” तोंडातून निघूनच गेलं! जन्मभर पोरांचे यावरून मार्क कापले, सवय जाते थोडीच.

ती केवढ्यांदा हसली. “मास्तरीण हाय जनू! हो म्हनायला माजं तोंड वळत न्हाई, बाई.”

नंबर रद्द केला नाही.

१३ नोव्हेंबर

फॉर्मवर रकाना — पेशंटशी नाते. पेन थांबलं. मग लिहिलं: बहीण. धडधडीत खोटं, आणि तेही माझ्या वळणदार अक्षरात! फोन नंबरही माझाच दिला. तिचा मोबाईल म्हणे “चार्ज करायचं ध्यानातच ऱ्हात न्हाई.”

गुंगीतून उठली ती माझा हात धरूनच. “अक्का, झालं का?” तिकडे थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. थोरली दिसते मी? असो. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तुकडा तपासायला पाठवलाय, आठवडा लागेल.

तिला घरी आणलं. संध्याकाळी माझं जुलाबाचं औषध, दोन लिटर! ही संडासाबाहेर स्टूल टाकून बसली. “अजून हाय का झालं?” लाज वाटली, हसूही आलं. या घरात दाराबाहेर कुणी बसून किती वर्षं झाली!

१४ नोव्हेंबर

माझी झाली. आतड्यात एक कोंब होता, त्यातूनच रक्त जात होतं. काढला. तोही तपासायला गेलाय, पण “काळजीचं दिसत नाही” म्हणाले.

फॉर्म नंतर बघितला. सही करायला पाच मिनिटं लागली म्हणे तिला. नात्याच्या रकान्यात ‘बहीन’. ‘ण’च्या जागी ‘न’ लिहिला होता. पेन हातात होतं, पण दुरुस्त केला नाही.

तिला देगलूरच्या बसमध्ये बसवलं. “पुढल्या खेपेला अंबाडी आनते, अक्का.” घरी आले. संडासाबाहेरचं स्टूल तसंच होतं. उचलवेना.

१७ नोव्हेंबर

तिचा फोन बंद. सोयाबीनच्या राशी चालल्या असतील.

१९ नोव्हेंबर

माझा रिपोर्ट चांगला! सर्वेशला कळवलं. त्याने अंगठा पाठवला. रत्नम्माचा फोन बंदच.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दवाखान्यातून फोन. “रत्नम्मांचा फोन लागत नाही. रिपोर्ट चांगला नाही आलेला. ऑपरेशन लवकर करावं लागेल, कुणीतरी सोबत राहायला पाहिजे. तुम्ही त्यांच्या बहीण ना?”

“हाव,” म्हटलं.