वेदीवरचं कापड

दि. ४ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

मावशीचं पत्र वाचून डोकंच फिरलं. वेदीवरचं लेसचं कापड म्हणे तू इस्त्रीने जाळलंस! वीस वर्षं चर्चची कापडं धुतलीस, आणि त्या देखरेखीच्या बाईंनी सगळ्यांदेखत कापडांच्या खोलीची किल्ली काढून घेतली? तूही मान खाली घालून घरी आलीस! अगं, तोंडाला कुलूप लावायची ही वेळ आहे का? त्या शनिवारी तुझ्याकडून परत निघताना मी घाईघाईत चर्चच्या त्या खोलीतच माझा ब्लाउज इस्त्री केला, तेव्हा सगळं ठाकठीक होतं. माझ्यामागून खोलीत कोण आलं, त्याचं नाव फादरांना सांग. नाहीतर मी सांगते.

रागावलेली, तरी तुझीच,
बडबडी

दि. ९ मार्च

चि. बडबडीस,
अनेक आशीर्वाद.

किती तणतण करशील! मी जाळलं नाही, असं फादरांना एकदा स्पष्ट सांगितलं. मग कोणी, असं त्यांनी विचारल्यावर मी गप्प बसले. खोटं बोलायचं नव्हतं आणि कुणाचं नावही घ्यायचं नव्हतं. मी काही संत नाही गं. प्रार्थनेत क्षमेच्या ओळीशी रोज अडखळते. मग क्रुसावरच्या प्रभूकडे बघते. खोट्या आरोपापुढे तोही गप्प उभा राहिला, मी कोण लागून गेले? चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेला हल्ली मागच्या बाकावर बसते. बायका माझ्यापासून दूर सरकून बसतात, ते मात्र फार लागतं.

वेळेवर जेवत जा. तो निळा ब्लाउज वेगळा धू, रंग सोडतो. माया आहेच, पत्र टाकत जा.

तुझी आई

दि. १४ मार्च

ती. आईस,
सा. न.

ब्लाउज रंग सोडतो, हे तुला कसं कळलं? तुझ्याकडे तो मी कधी धुतलाच नाही.

आई, टेबलावर खाली घ्यायला काही नव्हतं म्हणून मी एक पांढरी घडी ओढली होती. आतली लेस दिसलीच नाही. ब्लाउज ओलसर होता. बसचा हॉर्न ऐकला, ब्लाउज उचलला आणि गरम इस्त्री त्याच घडीवर टेकवून पळाले. जळल्याशेजारचा निळा डाग बघून तू ओळखलंस. आणि मी तुलाच दमात घेत होते! लाज वाटते गं.

रविवारी पहिल्या बसने येते. मिस्सेनंतर फादरांना, बाईंना आणि त्या सरकणाऱ्या बायकांना मीच सांगणार. तू मधे पडायचं नाहीस. तोवर मागच्या बाकावर तुझ्याशेजारी माझी जागा धर.

लोभ असू दे, असं लिहायला हात धजत नाही. तरी असू दे.

तुझी
बडबडी