रुळाखालची ओढ

मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५
आज रुळांवरच्या ट्रॉलीवर फ्रिजएवढी पेटी आली! पुण्याच्या एका संस्थेतल्या लुबना मॅडमची. त्या मूळच्या इकडच्याच, बाळापूरच्या, म्हणून बोलायला संकोच वाटला नाही. बडनेऱ्याबाहेर मालगाड्यांच्या साइडिंगवर, म्हणजे बाजूच्या रुळांवर, आठवडाभर पेटीची चाचणी. मदतीला मी आणि आमच्या रूळ तपासणाऱ्या टोळीचे मेट, म्हणजे मुकादम, सूर्यभानदादा.
"यात हाय काय?" दादांनी विचारलं.
"अणू."
"मले वाटलं आइस्क्रीम!"

बुधवार, १९ नोव्हेंबर
मॅडमनी जेवताना समजावलं. हातातली भाकरी हातातच राहिली.
अणू लेझरनं इतके गार करतात की ते जागीच थबकतात. मग सोडून देतात. एकच अणू एकाच वेळी दोन वाटांनी जातो — आणि पुन्हा स्वतःलाच भेटतो! त्या भेटीत कळतं, खालची जमीन किती जोरानं ओढते. पोकळी असली की ओढ कणभर कमी. चार वर्षं मी रूळ हातोडीनं वाजवून ऐकते. ही पेटी न शिवता जमीन तोलते!
"उद्या रस्ते, पूल — समद्याखालचं खोदल्याबिगर समजन," मॅडम म्हणाल्या.
घरी बाबांनी दोनदा सांगायला लावलं.

गुरुवार, २० नोव्हेंबर
मोठ्या बाभळीजवळ पडद्यावरची ओढीची रेघ खाली गेली. पेटी पुन्हा तिथून नेली. परत खाली.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर
सकाळी पुन्हा मोजलं. तीच जागा. आणि कापसाच्या गाठी न्यायची मालगाडी यायला अकरा मिनिटं! मॅडम अडखळल्या — "यंत्र चाचणीतलं हाय. छातीठोक नाही सांगू शकत."
गाडी थांबवू म्हटल्यावर दादा चिडले. "तीस वर्सं झाली मले इथं. रूळ दबला नाही, खडी बसली नाही. गाडी काहून थांबवतं? नोकरी जाईन, पोरी!"
मी धावले. लाल झेंडी धरून रुळांमध्ये उभी राहिले. इंजिन शंभरेक पावलांवर थांबलं.
आमचे रेल्वेचे साहेब आले. ओरडले. मग म्हणाले, खोदा. पहार दादांनीच घेतली. पाच फुटांवर फरशी लागली. ती फुटली, पहार हातातून सुटली — आणि गेली! दोन-तीन सेकंदांनी खालून पाण्याचा आवाज आला.
दादांनी टोपी काढून पेटीला हात जोडले. मला रडू आलं — भीतीचं नव्हे. डोळ्याला न दिसणारा एवढासा अणू, आणि अख्खी मालगाडी वाचवली त्यानं!

शनिवार, २२ नोव्हेंबर
विहीर निघाली. दगडी, गोल. साहेबांच्या एकाही नकाशात नाही. दादांनी माझ्यासाठी डब्यात वांग्याची भाजी आणली.

रविवार, २३ नोव्हेंबर
बाबांना दाखवायला नेलं. काठावर बसले ते बसलेच.
"हे आपली इहीर हाय, पायल. गावच्या इहिरीवर आपल्याले चढू देत नव्हते, म्हनून माह्या आज्यानं खोदली. मंग रूळ आले, वरून फरशा टाकून बुजवली. माह्या बापानं मरेपर्यंत साऱ्यायले सांगतलं. सारे हासत — तुमची कुठली आली इहीर!"