दिवस मावळायच्या आत

प्रिय त्रिशला,

आज सकाळीच पलूसहून परत आले. तुझ्या माहेरच्या द्राक्षमळ्यात तुझ्याशिवाय पहिल्यांदाच गेले होते. तिथं काय झालं, कोण काय बोललं, हे तुला सांगितल्याशिवाय माझ्या पोटात राहत नाही. तुझ्या दाराला कुलूप आहे, भाऊजी पोराकडं पुण्याला गेलेत. मग सांगू कुणाला? म्हणून लिहायला बसले.

खरं तर मी जाणारच नव्हते. तू दिवाळीत गेलीस तेव्हाच ठरवलं होतं, आता हा कारभार बंद. पण तुझ्या पुष्पावहिनीचा फोन आला, "आवं आक्का, उद्या शेवटची तोडणी हाय, याचं हं." मी कारणं सांगत बसले, तर ती म्हणाली, "डाळ भिजत घातलीया." आता भिजलेल्या डाळीपुढं काय बोलायचं? ईदच्या शेवया थोड्या राहिल्या होत्या, रात्रीच डबाभर शीरखुर्मा केला आणि पहाटेची एसटी धरली.

चैत्र लागला की आपल्या सांगलीत तुझे पाय घरात ठरायचे नाहीत. आज हरिपूरच्या संगमावर भडंग घेऊन जाऊ, उद्या घाटावर उसाचा रस पिऊ, परवा कुणाच्या तरी मळ्यात कैऱ्या पाडू. मी म्हणायचे, अगं सुना आल्या आता, शोभतं का? तू म्हणायचीस, सुनांनाच तर घर सांभाळायला आणलंय. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे पलूस. द्राक्षाची शेवटची तोडणी झाली की तुझे भाऊ सगळ्यांना मळ्यातच जेवायला घालायचे. दशमी, कैरीची डाळ, शेंगदाण्याची चटणी, गाडग्यातलं दही. आपण दोघी एकाच ताटात जेवायचो आणि दुपारभर मांडवाच्या सावलीत द्राक्षं तोंडात टाकत लोळायचो.

मग रमजान सरकत सरकत चैत्रात आला आणि आपली पंचाईत झाली. तू जैनाघरची, दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंब घेत नव्हतीस, मी दिवस मावळल्याशिवाय रोजा सोडत नव्हते. मी म्हटलं, ईद झाल्यावर जाऊ. तर तू फणकारलीस, "द्राक्षं तुझ्या ईदसाठी थांबणार हायत व्हय? तू नुसती बस, पण ये."

आले ना मी! दरसाल आले. तू दुपारी जेवायचं सोडून सूर्य कलेपर्यंत थांबायचीस, म्हणजे मला फार वेळ वास घेत बसायला नको. मग घाईघाईनं तू जेवायचीस आणि मी तुझ्या शेजारी उपाशी बसून तुला वाढायचे. सूर्य बुडाला की तू ताट बाजूला सारायचीस, माझ्या हातात खजूर द्यायचीस, आणि मग मी जेवताना तू शेजारी बसून द्राक्षं धुवून द्यायचीस. एकदा आभाळ भरून आलं होतं, आठवतं? सूर्य दिसेना. तू म्हणत होतीस अजून हाय, मी म्हणत होते गेला. दोघींना आपापल्या पोटाची पडली होती. तुझे भाऊ हसून हसून बांधावर बसले.

तेव्हा तू म्हणालीस, "दम धर मुमे. रमजान मागं सरकतोय. दोन-तीन सालांत थंडीत जाईल. मग पुन्हा भर दुपारी एका ताटात."

मी दम धरला गं. तुला काय एवढी घाई झाली होती? यंदा ईद आधीच उरकली. भर दुपार होती, ऊन होतं, रोजा नव्हता. सगळं तू म्हणालीस तसं झालं. मला तुझा राग आला, खरंच सांगते. ताटं मांडताना वहिनीनं हाक मारली, तर मी म्हटलं, तुम्ही जेवून घ्या, मला भूक नाही, मी मागनं बसते. ती बरं म्हणाली आणि वाढायला गेली.

घास उतरलाच नसता. मी मळ्यात फिरत राहिले. वेली रिकाम्या झाल्या होत्या, गडीमाणसं जेवून मांडवाखाली पडली होती. तुझ्या नेहमीच्या जागेवर जाऊन बसले आणि मनसोक्त रडले. कुणी अडवायला आलं नाही, बरंच झालं.

ऊन पार कललं तेव्हा वहिनी झाकलेलं ताट घेऊन बांधावर आली. "आक्का, आता बसता का?"

मी म्हटलं, "होईल सावकाश. आता काय रोजा आहे?"

"तुमचं व्हईल वो सावकाश. माझं न्हाई व्हायचं."

मला उमजेना. "म्हणजे? तुम्ही जेवला नाही?"

"पावण्याला उपाशी ठिवून कशी जेवू? दरसाली वन्सं तुमच्यासंगं बसायच्या. आवंदा मी बसायचं ठरवलं हुतं."

"अहो, मग दुपारीच बोलायचं नाही का?"

"तुमी भूक न्हाई म्हणालासा."

त्रिशला, तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. तीसुद्धा तुमच्याच घरची, दिवस मावळला की पाणीही बंद. पहाटेपासून राबणारी बाई माझ्या दुःखापायी सकाळपर्यंत उपाशी राहणार होती, आणि मी तुझ्यावर रुसून बसले होते. सूर्य डोंगराला टेकला होता. इतकी वर्षं मी त्याच बांधावर बसून तो कधी बुडतो म्हणून वाट बघितली. काल पहिल्यांदा म्हटलं, थांब रे बाबा जरा.

तिला खाली ओढलं. दशमी मोडून तिच्या हातात दिली, डाळ वाढली, शीरखुर्म्याचा डबा उघडला. ती म्हणाली, "सावकाश, ठसका लागंल." मी म्हटलं, माझं सोडा, तुम्ही खा. माझ्या डोळ्यांतलं पाणी ताटात पडत होतं आणि मी जेवत होते. जेमतेम एक दशमी झाली, दोन चमचे शीरखुर्मा झाला आणि सूर्य गेला. तिनं घटाघटा पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. उरलेलं मी संपवलं, ती शेजारी बसून राहिली.

रात्री ती अर्ध्या पोटी झोपली, माझ्यामुळं. मला झोप लागली नाही.

तर ऐक. पुढच्या चैत्रात मी पलूसला जाणार. त्याच्या पुढच्याही, पाय चालतील तोवर. भर दुपारी ताट मांडलं की पहिली मी बसेन आणि वहिनीला शेजारी बसवेन. रडायचं असेल ते दोघींची पोटं भरल्यावर.

तुझीच,
मुमताज